मास्तरांची जीप, शेठजींची कंबर

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण आपण सांगितलं नाही, तर मास्तर स्वतः येऊन सांगतील! दुकानाच्या दारावर त्यांनी लाल रंगात पाटीच रंगवून घेतली होती : ‘सव्वीस वर्षांत एकही कपडा परत आलेला नाही.’ नवीन गिऱ्हाईक आलं की मास्तर आधी त्याला पाटी वाचायला लावायचे आणि मगच त्याच्या कमरेला टेप लावायचे.

“माप!” गळ्यातली टेप दोन्ही हातांनी ताणून ते म्हणायचे, “जगातली निम्मी भांडणं माप चुकल्यामुळे होतात. उरलेली निम्मी माप न घेतल्यामुळे!”

तेव्हा अशा माणसानं एक जुनी जीप उंच करायला घेतली, यात बिघडण्यासारखं होतंच काय? काहीच नव्हतं. निदान शनिवारी दुपारपर्यंत तरी नव्हतं.

जीप सासरेबुवांची. सासरेबुवांनी एकतीस वर्षं डोंगरमाथ्यावरच्या पंपघरात इंजिन चालवलं. माथ्यावरच्या तळ्यातलं पाणी उपसून अख्ख्या वस्तीच्या नळांना सोडायचं, हे त्यांचं काम. ज्या जीपमधून ते रोज कामावर जायचे ती खात्यानं मोडीत काढली, तेव्हा त्यांनीच ती विकत घेतली. का, तर म्हणे, “परकी माणसं तिला नीट गिअर टाकणार नाहीत!” मग घराच्या कडेला त्यांनी जीपसाठी स्वतःच्या देखरेखीखाली शेड बांधून घेतली. वर पक्की खोली, खाली जीप. जीपचा लोखंडी टप आणि दाराची वरची तुळई यांच्यात बरोब्बर चार बोटं जागा. त्या चार बोटांचा त्यांना कोण अभिमान! पुढे एकुलत्या एका मुलीला आणि जावयाला त्यांनी आपल्याच घरी बोलावून घेतलं. पुढच्या खोलीत मास्तरांचं दुकान आलं, शेडवरच्या खोलीत कापडाचे तागे गेले, आणि चार बोटांची गोष्ट जावयानं किमान दोनशे वेळा ऐकली.

तर त्या सोमवारी खात्याचं पत्र आलं. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता जुनं पंपघर कायमचं बंद होणार. नवी यंत्रं दुसरीकडे बसली आहेत. जुन्या कर्मचाऱ्यांनी इच्छा असल्यास हजर राहावं, वाहनाची सोय ज्याची त्यानं पाहावी.

सासरेबुवांनी पत्र चार वेळा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “इंजिन मी बंद करणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

त्यांची मुलगी, म्हणजे मास्तरीणबाई, भाजी निवडता निवडता थांबल्या. “बाबा, जाणार कसे? तुमचे गुडघे...”

गुडघे म्हणजे काय, नावालाच उरले होते. चढण तर सोडाच, सपाटीवर शंभर पावलं झाली की ते खांब शोधायचे. मोटरसायकलवर टांग टाकणं शक्य नव्हतं. उरली जीप. पण जीपच्या वाटेत कासव होतं!

हे कासव दगडाचं. वाटेच्या ऐन मध्यावर वर आलेली कातळाची पाठ, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. चाकं दोन्हीकडून जायची, पण गाडीचं पोट अडायचं. सासरेबुवांच्या काळात ते मातीत बुडालेलं होतं. मग पावसापाण्यानं वाट झिजत गेली आणि कासव वर येत गेलं. गेल्या वर्षी मास्तरांनी सासरेबुवांना माथ्यावर न्यायचा प्रयत्न केला होता, तर जीप कासवावर अशी काही बसली की जणू अंडी उबवतेय. परतताना सबंध वाटभर सासरेबुवा मागे वळून डोंगराकडे बघत होते, आणि ते मास्तरांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

“बाबा, काळजी सोडा!” मास्तरांनी छातीवर हात मारला. “पँट आखूड झाली तर आपण माणूस कापतो का? पँट लांब करतो. जीपचे पाय लांब करू! रविवारी तुम्ही कासवावरून असे जाल, की त्याला वाऱ्याची झुळूक लागेल फक्त.”

“अहो, पण जीप म्हणजे काय पँट आहे?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“अगं, नीट पाहिलं तर सगळं पँटच असतं!”

सासरेबुवांनी जावयाकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. “जमेल, जावईबापू?”

“माप घेऊन करतोय, बाबा. माप कधी चुकलंय?”

आता जीप उंच करायची म्हणजे खिसा हलका करायचा. पण मास्तरांनी खिशाला हातच लावला नाही. भंगारवाल्याकडे एका मोडक्या टेम्पोचे चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे पडले होते, चांगले जाड आणि जास्त बाकाचे. ते त्यांनी दोन सफारी सूटच्या बोलीवर आणले. वर जीपचे जुने पाटेही त्याला देऊन टाकायचं ठरलं. एका ट्रॅक्टरवाल्याकडून थोडे मोठे, थोडे झिजलेले चार टायर आले. त्याच्या बदल्यात त्याच्या तीन भावांचे शर्ट. शेजारचा वेल्डर पाटे बसवायला तयार झाला, दोन जाड डांगऱ्यांच्या बोलीवर. “खिसे सहा पाहिजेत,” एवढीच त्याची अट होती.

काम शेडमध्येच करायचं ठरलं, तेही शटर अर्धं पाडून. कारण उघड आहे! मास्तर कपडे सोडून गाडीखाली लोळतायत हे गिऱ्हाइकांना दिसलं असतं तर बोंबाबोंब झाली असती. आधीच दुकानात कापलेल्या कपड्यांचा ढीग साचला होता. जो येईल त्याला मास्तर शटरखालून तोंड काढून एकच उत्तर द्यायचे : “रविवारी सकाळी या! आठ वाजता! तयार!”

मास्तरीणबाईंनी बुधवारी विचारलं, “कितीजणांना रविवार दिलात?”

“असतील पाच-सहा.”

“मी अकरा मोजले.”

“रविवारी आपण माथ्यावर असू. दुकान बंद दिसलं की जातील परत,” मास्तर म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली गेले.

त्याच बुधवारी बेकरीवाले शेठ नव्या पँटचं माप द्यायला आले. मास्तर ग्रीसनं माखलेल्या हातांनी धावत बाहेर आले, शेठच्या कमरेला दुरूनच टेप लावली, “बेचाळीस!” म्हणून वहीत लिहिलं आणि परत शेडमध्ये पळाले. शेठ पाडलेल्या शटरकडे बघत राहिले. एरवी मास्तर शेठना दोनदा तरी म्हणायचे, “शेठ, श्वास सोडा.” त्या दिवशी ते राहून गेलं.

जीपची मापं मात्र मास्तरांनी अशी घेतली की विचारू नका! आसाच्या गोळ्यापासून जमिनीपर्यंत किती, सायलेन्सरपासून किती, कासवाची पाठ किती वर, टायरमध्ये हवा भरल्यावर किती, निम्मी भरल्यावर किती. वेल्डर गाडीखाली आडवा, मास्तरही आडवे, मधे टेप.

“पाट्यांची पाच बोटं,” मास्तर मोजत, “टायरची दोन. एकूण सात. कासवाला पुरून उरतात!”

वेल्डर काजळलेल्या चेहऱ्यानं हसला. “मास्तर, इंजिनिअर व्हायचं होतं तुम्ही.”

“होतोच! फक्त कापडाचा.”

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. शिंप्याच्या आयुष्यात पँट लांब करायची म्हणजे खालची दुमड उसवायची. जे काही वाढतं ते खाली वाढतं. कंबर असते तिथेच राहते! सव्वीस वर्षांत मास्तरांनी हजारो पँटी लांब केल्या, पण पाय वाढवल्यामुळे कुणाची कंबर कधी गळ्याशी गेली नव्हती. म्हणून त्यांनी जीपचं माप खालून घेतलं, दहादा घेतलं, आणि वर एकदाही पाहिलं नाही.

मधल्या वेळात सासरेबुवांनी ट्रंकेतून जुना खाकी शर्ट काढून दिला. “जरा बघता का, जावईबापू? सैल होतोय.” मास्तरांनी शर्ट अंगावर घालून पाहायला सांगितला. खांदे दोन्हीकडून उतरले होते, छाती चाळीसची छत्तीस झाली होती. एवढा मोठा माणूस शर्टाच्या आत कुठेतरी राहिला होता. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर काहीतरी बोलावं लागलं असतं. त्यांनी शिवणी मुकाट्यानं आत घेतल्या, पण कापड कापलं नाही. पुढेमागे अंग भरलं तर असू दे म्हणून आतच ठेवलं.

शनिवारी दुपारी शेवटचा बोल्ट आवळला आणि जॅक काढला. जीप चारी पायांवर उभी राहिली. काय ती ऐट! मास्तरांनी शटर पूर्ण वर केलं, मास्तरीणबाईंना हाक मारली, सासरेबुवांसाठी खुर्ची मांडली आणि स्वतः स्टिअरिंगवर चढून बसले. चढताना दोन्ही हात लागले, पण उंच गाडीत तसं होणारच.

“बघा हं, बाबा! मागे घेतो बाहेर!”

जीप गुरगुरली, दोन हात मागे आली, आणि ठाण्ण!

असा आवाज झाला की वरच्या खोलीतून कापडाचा एक तागा गडगडत गेल्याचं सगळ्यांनी ऐकलं. मास्तरांना वाटलं, मागे कुणीतरी काहीतरी ठेवलंय. त्यांनी पुन्हा क्लच सोडला. पुन्हा ठाण्ण! मग ते खाली उतरले, मागे आले आणि त्यांनी वर पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदाच.

टपाची मागची कड तुळईला टेकली होती. टेकली कसली, तुळईच्या खालच्या कडेपेक्षा तीन बोटं वर गेली होती!

खुर्चीतून सासरेबुवांचा आवाज आला, अगदी हळू.

“मी चार बोटं ठेवली होती, जावईबापू.”

“अरे!” मास्तर वेल्डरवर उखडले. “तुला दिसलं नाही?”

“मास्तर, मी आठवडाभर गाडीखाली उताणा होतो. उताण्या माणसाला दार किती उंच ते दिसत नाही.”

मग जी धावपळ सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत. मास्तर भंगारवाल्याकडे पळाले, जुने पाटे परत आणायला. तो म्हणाला, “ते कालच लोहाराकडे गेले. आत्तापर्यंत कोयते झाले असतील.” तुळई फोडावी म्हटलं, तर वरची खोली तिच्यावरच उभी. टप काढावा, तर खात्यानं तो असा वेल्ड करून ठेवलेला की जीप विरघळेल पण टप निघणार नाही. वेल्डरनं टायरमधली थोडी हवा सोडून दिली. एक बोट मिळालं. “अजून सोडतो,” म्हणाला, “पण टायर म्हातारे आहेत. रिमवर बसले की कडेनं उकलतील, आणि दुसरे नाहीत.” म्हणजे दोन बोटं जास्त ती जास्तच!

मास्तर दुकानात येऊन कापायच्या टेबलापाशी बसले. जगभराची मापं घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराचं दार दिसलं नाही! त्यांना सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत होती, तर काल त्यांनी सासरेबुवांना शेजाऱ्याशी बोलताना ऐकलं होतं. सासरेबुवा म्हणत होते, “आमच्या जावईबापूंचं माप कधी चुकत नाही.”

तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. हातात इस्त्री केलेला खाकी शर्ट होता.

“बाबांनी हा दाराच्या खुंटीला अडकवायला सांगितलाय. सकाळी सापडावा म्हणून.”

“काही उपाय निघाला नाही, हे त्यांना सांगितलं नाहीस?”

“तुम्ही कबूल केलंत, तुम्ही सांगा.” आणि मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. “पण आज नका सांगू. सकाळपर्यंत वाट बघू.”

“सकाळी काय होणार आहे?”

“काही नाही. पण तोवर ते झोपतील तरी.”

रविवारी सकाळी साडेसातला सासरेबुवा दाढी करून, शर्ट घालून, काठी घेऊन तयार! मास्तर सांगायला गेले, “बाबा, मी काय म्हणत होतो...”

“मला आधी गाडीत बसवा,” सासरेबुवा म्हणाले. “एकदा बसलो की झालं.”

मास्तरांनी आणि मास्तरीणबाईंनी दुकानातलं स्टूल लावलं, म्हाताऱ्याला खालून उचलत, वरून ओढत, शेडमधल्या जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं. सासरेबुवांनी काठी गुडघ्यांत धरली आणि समोरच्या भिंतीकडे बघत ते शांत बसून राहिले. भिंत दोन हातांवर होती. मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

धरणी दुभंगली नाही, पण आठ वाजले! आणि गिऱ्हाइकं आली. बेकरीवाले शेठ सगळ्यांत पुढे. मागे पोस्टातल्या बाई, शाळेचे पीटी सर, वकीलसाहेब, दवाखान्यातला कंपाउंडर, सलूनवाले दोघे भाऊ, आणि बसचा एक ड्रायव्हर. सगळ्यांच्या हातात पावत्या.

“मास्तर, माझा कोट!” पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

“मला उद्या कोर्टात उभं राहायचंय! पँट घालून!” वकीलसाहेब ओरडले.

शेठनी शेडमध्ये डोकावून पाहिलं. उंच जीप, नवे पाटे, ग्रीसच्या चिंध्या. त्यांना सगळं कळलं. “म्हणजे बुधवारपासून हे चाललंय? आमच्या कपड्यांवर माती टाकून?”

“शेठ, ऐका तर...”

“काही ऐकायचं नाही! पँट मिळेपर्यंत मी इथून हलत नाही!” आणि शेठ संतापानं जीपच्या मागच्या फळीवर धप्पकन बसले.

जीप कुईं करून खाली गेली.

मास्तर काहीतरी विनवायला तोंड उघडणार होते, ते उघडंच राहिलं. त्यांनी वर पाहिलं. गळ्यातली टेप काढली आणि तुळईला लावली. टप एक बोट उतरला होता! आख्खं एक बोट!

“बेचाळीस कमरेला एवढं?” ते पुटपुटले. मग किंचाळले, “शेठ! उठू नका!”

“उठत नाहीच म्हणतोय ना मी!”

“वा! बसा! हवे तितके बसा! अगं, मापाची वही आण!”

मास्तरीणबाईंनी वही आणली. एका क्षणात मास्तरांच्या अंगात मास्तर परत आले. गिऱ्हाइकांसमोर उभं राहून त्यांनी सगळं खरं खरं सांगितलं : पत्र, कासव, दहा वाजता, गुडघे, दोन बोटं. सगळ्यांचे चेहरे हळूहळू जीपकडे वळले. समोर भिंतीकडे तोंड करून बसलेला खाकी शर्ट कुणाला ओळखू येणार नाही? एकतीस वर्षं या प्रत्येकाच्या घरात नळ सुटला की लोक म्हणायचे, “आले पाणीवाले काका कामावर.”

पोस्टातल्या बाईंनी पावती पर्समध्ये टाकली. “कुठे बसू, सांगा.”

“वकीलसाहेब अडतीस, मागे डावीकडे! ड्रायव्हर चाळीस, उजवीकडे! कंपाउंडर तीस,” मास्तर थबकले, “तुम्ही पण या, थेंबे थेंबे तळं साचतं. सलूनवाले दोघे चौतीस-चौतीस, बॉनेटवर! पीटी सर...”

“बत्तीस!” पीटी सरांनी छाती काढून सांगितलं.

“अरेरे,” मास्तर म्हणाले, “असो. बॉनेटवर.”

बाईंचं माप त्यांनी मनातल्या मनात वाचलं आणि त्यांना अगदी आदरानं मधली जागा दिली. आयुष्यात पहिल्यांदाच मोठी कंबर असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली होती. अडतीसवाले वकीलसाहेब बत्तीसवाल्या सरांकडे जरा वरूनच बघत होते. गलका ऐकून शेजारून आलेला वेल्डर सहा खिसे नसलेल्या जुन्याच डांगरीत मधल्या फटीत शिरला. मास्तर स्टिअरिंगवर बसले. मास्तरीणबाई टेप घेऊन तुळईपाशी उभ्या राहिल्या.

“अर्धं बोट कमी! शेठ, थोडं मागे सरका! अजून! हां... झालं! कागद जाईल एवढी फट आहे!”

“श्वास रोखून धरा सगळे!” पीटी सर ओरडले.

“त्यानं काय होणार?” वकीलसाहेब म्हणाले.

“मनाला बरं वाटतं!”

मास्तरांनी क्लच असा सोडला, जसा रेशमावर कात्री चालवावी. जीप इंच इंच मागे सरकू लागली. टप तुळईखालून जाताना गंजाची पापडी तेवढी खरवडली आणि शेठच्या डोक्यावर पडली. शेठ हलले नाहीत. आणि मग, लख्ख उन्हात, जीप बाहेर आली!

कोण आरडाओरडा! वेल्डरनं टायरमध्ये हवा भरली. मास्तर हात जोडून म्हणाले, “तुमचे फार उपकार झाले. उतरा आता. कपडे बुधवारी, अगदी शपथेवर.”

“उतरा?” पोस्टातल्या बाई म्हणाल्या. “कोट नाही, काही नाही, रविवार फुकट. आता बसलोच आहोत तर आम्हीही बघू ना इंजिन!”

“चला, चला,” शेठ म्हणाले. बुधवारपासून ते पहिल्यांदा हसत होते. मास्तरीणबाईही कशाबशा मागे शिरल्या, स्टूलसकट.

वाट चढू लागली. बॉनेटवरचे तिघे दर वळणाला “वाट मोकळी आहे!” म्हणून ओरडत होते, कारण काचेतून मास्तरांना त्यांच्या पाठींशिवाय काही दिसत नव्हतं. सव्वानऊला कासव आलं. मास्तरांनी अभिमानानं पहिला गिअर टाकला, चाकं दोन्ही बाजूंनी घातली, आणि गर्रर! जीपचं पोट कासवाला लागलं!

वेल्डर उतरून खाली वाकला. “मास्तर, आपण वाढवली सात बोटं. त्यातली अडीच ही मंडळी खाऊन बसली! कासवाला पाच लागतात, उरली साडेचार!”

मास्तरांनी कपाळाला हात लावला. आठवडाभर ग्रीस खाऊन जीप पुन्हा कासवावरच बसली होती! तेवढ्यात शेजारून सासरेबुवा म्हणाले, “मग उतरवा की त्यांना. आता कुठे तुळई आहे?”

खरंच की! आता कुठे तुळई होती?

“शेठ, उतरा!”

“सकाळी तर उठू नका म्हणालात!”

“आता उठा!”

एकेक जण उतरू लागला तशी जीप वर येऊ लागली. वकील उतरले, थोडी. ड्रायव्हर उतरला, अजून थोडी. शेवटी शेठ उतरले आणि ओझं टाकलेल्या हमालासारखी जीप पाठ सरळ करून उभी राहिली. आता आत दोघंच, मास्तर आणि सासरेबुवा. वेल्डर रस्त्यावर गाल टेकून कासवाकडे बघत होता.

“या, मास्तर! या! या! दोन बोटं! दोन बोटं मोकळी आहेत! गेली!”

जीप कासवावरून गेली. वाऱ्याची झुळूक लागली असेल फक्त! पीटी सर नाचले. सासरेबुवांनी हात लांब करून जावयाच्या मांडीवर थोपटलं, आणि पुढचं वळण मास्तरांना जरा धूसर दिसलं.

कासवाच्या पुढे मंडळी पुन्हा जीपवर चढली. पंपघरात पोचले तेव्हा साहेब भाषण वाचत होते, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नव्हतं. मास्तरीणबाईंनी स्टूल लावलं, शेठनी सासरेबुवांना लहान मुलासारखं अलगद खाली घेतलं. लोक बाजूला झाले. सासरेबुवा काठी टेकत इंजिनापाशी गेले आणि दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. थोडा वेळ ते नुसते ऐकत होते. मग त्यांनी दांडा खाली ओढला.

इंजिन धापा टाकत, मंदावत थांबलं. बाहेर पक्षी ओरडत होते, ते पहिल्यांदाच ऐकू आले.

“माझ्या पाळीला हे एकदाही थांबलं नाही, जावईबापू,” सासरेबुवा म्हणाले. “म्हणून थांबवायलाही मीच हवा होतो.” आणि नव्या इस्त्रीच्या शर्टाच्या टोकानं त्यांनी दांडा पुसून काढला. शर्टाला काळा डाग पडला. मास्तरीणबाई एरवी केवढ्यानं ओरडल्या असत्या! आज त्या वडिलांचा दंड धरून उभ्या राहिल्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती. मास्तरांचंही तेच म्हणणं आहे. पण गुरुवारी सकाळी बेकरीवाले शेठ दुकानात आले आणि त्यांनी टेबलावर नवी कोरी पँट ठेवली.

“मास्तर, बटण लागत नाही.”

मास्तरांनी पाटीकडे पाहिलं, पँटकडे पाहिलं, मग टेप घेऊन शेठच्या कमरेला लावली. नीट, जवळून.

“शेठ, श्वास सोडा.”

शेठनी सोडला. सेहेचाळीस!

मास्तरांनी मनात हिशेब केला आणि ते मटकन स्टुलावर बसले. कागदाएवढी फट! शेठ वहीत लिहिल्याप्रमाणे खरोखरच बेचाळीस असते, तर जीप आजही शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी असती. आयुष्यात एकदा माप चुकलं म्हणून दुसरं चुकलेलं माप निस्तरलं होतं! त्यांनी पँट दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. “शेठ, आत भरपूर कापड सोडलंय. आत्ता उसवून देतो. ही पँट माझ्या दुकानात यायलाच हवी होती!”

संध्याकाळी पाटीवर लाल रंगात एक ओळ वाढली : ‘एक पँट सोडून.’

पण शेठना ते सेहेचाळीस फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून ते पहाटे डोंगराच्या वाटेनं चालायला जाऊ लागले. जीप अजून दाराबाहेरच उभी होती, कारण तिला आत घ्यायचं तर पुन्हा तीच मंडळी, त्याच जागी, तशीच्या तशी बसायला हवी. महिन्याभरानं शेठ दुकानासमोर थांबले आणि आनंदानं ओरडले, “मास्तर! दोन इंच उतरली!”

“कशाला, शेठ? छान दिसत होतात!” मास्तर कळवळून म्हणाले. पण शेठ पुढे गेलेही होते.

मास्तर आत आले, जाड ताडपत्रीचा तागा टेबलावर पसरला आणि जीपसाठी खोळ बेतायला घेतली. खुर्चीत बसलेल्या सासरेबुवांनी विचारलं, “माप घेतलंत, जावईबापू?”

“दोनदा, बाबा,” मास्तर मान खाली घालून म्हणाले. “या वेळी वरून.”